बाईकवर वॉटरप्रूफ सामान: पैसे कशाला लागतात?

पावसाळा तोंडावर आला की बाईक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वॉटरप्रूफ बॅग केवढ्याला?’ उत्तर दोनशे रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत काहीही असू शकतं, कारण या एका प्रश्नात तीन कामं दडलेली आहेत. सामान कोरडं राहावं, ते गाडीवर घट्ट बसावं आणि गाडी लावून गेल्यावर जागेवर सापडावं. यातलं पहिलं काम सगळ्यांत स्वस्तात होतं. पैसे लागतात ते उरलेल्या दोन कामांना. त्यामुळे रोज कामावर ये-जा करणाऱ्याने आधी आपल्याला यातलं काय हवंय ते ठरवावं. खालचे भाव ढोबळ आहेत. ब्रँड, गाव आणि सवलतीप्रमाणे ते बदलतील.

फक्त कोरडं राहायला हवं: २०० ते १,२०० रुपये

पाठीवरच्या सॅकचं रेनकव्हर २०० ते ५०० रुपयांत मिळतं. रिमझिम पावसाला ते पुरतं. मुसळधार पावसात मात्र पाणी पाठीच्या बाजूने आत उतरतं आणि तळाशी साठतं. त्यापेक्षा १० ते २० लिटरची ड्राय बॅग घ्या, म्हणजे तोंड गुंडाळून बकल लावायची पिशवी. ती ५०० ते १,२०० रुपयांत येते. लॅपटॉप आणि कागद तिच्यात ठेवायचे आणि ती नेहमीच्या सॅकमध्ये सरकवायची. तोंडाला किमान तीन घड्या घालाच. डबा आणि ओला रेनकोट मात्र तिच्या बाहेर ठेवा. जिथून पाणी आत येत नाही, तिथून सांडलेली आमटीही बाहेर जात नाही.

गाडीवर बांधायची बॅग: २,००० ते १२,००० रुपये

मागच्या सीटवर बांधायची २५ ते ४० लिटरची वॉटरप्रूफ टेल बॅग २,००० ते ४,५०० रुपयांना पडते. मागे कोणी बसत नसेल तर पाठीवरचं ओझं उतरवायला हा सोपा मार्ग. बांधायला हुकाच्या रबरी दोऱ्या स्वस्त असतात, पण ताणलेला हूक निसटला तर थेट डोळ्यावर येऊ शकतो. तीन-चारशे रुपये घालून बकलचे नायलॉन पट्टे घ्या आणि त्यांची लोंबती टोकं खोचून टाका, नाहीतर ती चेनमध्ये किंवा चाकात जातील.

सॅडल बॅगांची जोडी ४,००० ते ८,००० रुपयांना मिळते. मागची सीट मोकळी राहते, पण बॅग चाकात जाऊ नये म्हणून लोखंडी सॅडल स्टे बसवावा लागतो. त्याचे १,५०० ते ३,५०० वेगळे धरा आणि ते वाचवायला जाऊ नका. बऱ्याच बाईकना सायलेन्सर उजवीकडे असतो. बॅग त्याला टेकली तर वितळते, त्यामुळे मध्ये बोटभर तरी अंतर हवं. शहरातल्या गर्दीत दोन्ही बाजूंनी वाढलेली रुंदी रोज नडते. सॅडल बॅगा लांबच्या सफरीला ठीक, रोजच्या ऑफिसला नकोत.

कुलपाची सोय हवी: ३,००० ते २०,००० रुपये

सामान गाडीवरच ठेवून जायचं असेल तर टॉप बॉक्स घ्यावा. २८ ते ३५ लिटरचा देशी बॉक्स १,५०० ते ४,००० रुपयांत, परदेशी ब्रँडचा ५,००० ते १५,००० रुपयांत मिळतो. त्यात गाडीच्या मॉडेलप्रमाणे रॅकचे १,००० ते ४,००० आणि फिटिंगचे दोन-पाचशे मिळवा. बॉक्सचा भाव ऐकून हुरळून जाऊ नका. रॅक आणि फिटिंगसह एकूण किती ते विचारा. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट मावतं का ते दुकानातच ठेवून पाहा. रॅकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती बहुधा थोड्याच किलोंची असते. जास्त भरलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर गाडी डोलते. हे कुलूप साधंच असतं: रेनकोट-हेल्मेटला पुरे, रात्रभर ठेवलेल्या लॅपटॉपला नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या ब्रॅकेटसह सहज २५,००० च्या पुढे जातात. रोजच्या प्रवासासाठी त्यांचा विचारही नको.

घेताना काय पाहाल?

- लेबल: आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापुरतं संरक्षण, आयपीएक्स-६ म्हणजे जोराच्या फवाऱ्यापासून, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर हलका पाऊस एवढाच अर्थ घ्या.
- शिवण: सुईचं प्रत्येक भोक पाण्याला वाट असते. शिवणीवर आतून टेप हवी, किंवा जोड शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेले हवेत.
- हवेची परीक्षा: ड्राय बॅगेत हवा कोंडून तोंड गुंडाळा आणि दाबा. सुस्कारा ऐकू आला तर परत ठेवा.
- घरची परीक्षा: आत वर्तमानपत्र घालून बॅगेवर बादलीभर पाणी ओता, खालूनही मारा. रस्त्यावर मागचं चाक पाणी खालूनच उडवतं.

नियम काय म्हणतात?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार बाईकवरची हलकी पेटी ५५० मिमी लांब, ५१० मिमी रुंद आणि ५०० मिमी उंच यापेक्षा मोठी नसावी. ती मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर गाडीवर चालक एकटाच हवा. त्या जागेच्या मागे बसवली तर दुसरा माणूस चालतो, पण एकूण वजन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत हवं. नंबरप्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाणार नाहीत हेही पाहा.

देखभाल

रॅकचे नट खड्ड्यांनी सैल होतात; महिन्याला एकदा आवळा. बॉक्सच्या झाकणाच्या रबरात चिखल अडकला की तिथूनच गळती सुरू होते. ड्राय बॅग वाळवून, सैल गुंडाळून सावलीत ठेवा. ओली बंद केली तर बुरशी येते.

तीन हिशेब

- सॅक पाठीवर, फक्त लॅपटॉपची काळजी: ड्राय बॅग, हजाराच्या आसपास.
- एकटा प्रवास, पाठदुखी: टेल बॅग आणि पट्टे, २,५०० ते ५,०००.
- मागे माणूस, सामान गाडीवरच: देशी टॉप बॉक्स, रॅक, फिटिंग, ३,००० ते ८,५००.

मन ठरत नसेल तर पहिल्या हिशेबापासून सुरुवात करा. पुढे टॉप बॉक्स घेतलात तरी ड्राय बॅग त्याच्या आत कामाला येते, त्यामुळे ते हजार रुपये वाया जात नाहीत.