चूल एकदाची, जळण रोजचे



बैल घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो. खूर पाहतो. चालवून पाहतो. पण आणखी एक गोष्ट आपण मनात धरतो. घरी वैरण किती आहे? वैरण नसेल तर चांगला बैलही दावणीला वाळतो.

चुलीचेही तसेच आहे. चूल एकदा घ्यायची. जळण मात्र रोज घालायचे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बहीण येते. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसून तिला खोकला जडला आहे. डोळे सारखे चुरचुरतात. तिच्या घरी गॅस आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर तो मिळाला. पण टाकी संपली की पैसे जमेपर्यंत पुन्हा चूल पेटते. एके दिवशी तिने एक छापील कागद वर्गात आणला. म्हणाली, "बाजारात पेलेटची चूल आली आहे. धूर होत नाही म्हणतात. घेऊ का? नीट सांगा. पैसे थोडेच आहेत."

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. म्हणून धूर कमी झालाच पाहिजे. पण पैसे पाण्यात जाता कामा नयेत. चला, आपण सगळे मिळून विचार करू.

पेलेट म्हणजे काय?

लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड असा शेतीतला कचरा वाळवतात. तो बारीक करतात. मग यंत्रात जोराने दाबून त्याच्या बोटाएवढ्या जाड किंवा त्याहून बारीक कांड्या पाडतात. या कांड्यांना पेलेट म्हणतात.

पेलेटच्या चुलीत एक लहान पंखा असतो. तो विजेवर किंवा बॅटरीवर चालतो. कांड्या डब्यासारख्या भांड्यात भरतात आणि वरून पेटवतात. पंखा खालून थोडा वारा देतो आणि वरच्या भोकांतूनही वारा देतो. वरच्या वाऱ्यामुळे धूर बाहेर पडण्याआधीच जळून जातो. म्हणून धूर कमी होतो आणि आच वाढते.

तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेचे १०० वाटे केले, तर भांड्याला १० ते १५ वाटेच मिळतात. बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते. सरकारी मानकाप्रमाणे पंख्याच्या चुलीत निदान ३५ वाटे भांड्याला मिळाले पाहिजेत. बिनपंख्याच्या सुधारलेल्या चुलीत निदान २५ वाटे मिळाले पाहिजेत. त्या मानकाचा आकडा आय.एस. १३१५२ असा आहे. चुलीवर तो आकडा आहे का, ते वाचून पाहा. आता आपल्याला वाचता येते. दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.

मागे काय झाले?

अशी चूल आपल्याकडे नवी नाही. २००६ च्या सुमारास पेलेटची पंख्याची चूल महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विक्रीला आली. तिचे तंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झाले होते. चूल चांगली होती. सुमारे चार लाख चुली खपल्या. पण पुढे कांड्यांचा भाव चढत गेला. कित्येक ठिकाणी कांड्या वेळेवर मिळेनाशा झाल्या. मग पुष्कळ घरांत ती चूल माळ्यावर गेली आणि जुनी चूल पुन्हा पेटली.

चूल वाईट नव्हती. वैरण तुटली.

आता हिशेब करू

घरच्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यावर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढ्याला चांगल्या पंख्याच्या चुलीत अंदाजे ७० किलो कांड्या लागतात. हा ७० चा आकडा पाठ करा.

कांड्यांचा एका किलोचा भाव विचारा. त्याला ७० ने गुणा. त्यात गाडीभाडे मिळवा. येईल ती रक्कम टाकीच्या किमतीशी ताडून पाहा.

आमच्या बहिणीने फळ्यावर हिशेब मांडला. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

कांड्या १० रुपये किलो. ७० किलोंचे ७०० रुपये.
तालुक्याहून आणायचे भाडे १२० रुपये.
एकूण ८२० रुपये.
टाकीची किंमत ९०० रुपये.
बचत ८० रुपये.

तिच्या घरी एक टाकी महिनाभर पुरते. म्हणजे महिन्याला ८० रुपये वाचतात. चूल आहे ३,२०० रुपयांची. ३,२०० ला ८० ने भागले, की ४० येतात. चुलीचे पैसे फिटायला ४० महिने लागतील. म्हणजे तीन वर्षे आणि चार महिने!

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आणि कांड्या १२ रुपये झाल्या तर?"

तोही हिशेब तिनेच केला. ७० गुणिले १२ म्हणजे ८४०. त्यात भाडे १२०. झाले ९६०. म्हणजे टाकीपेक्षा ६० रुपये जास्तच! किलोमागे दोन रुपये वाढले आणि नफ्याचा तोटा झाला.

दुकानात काय पाहावे?

१. कांड्या गावात किंवा जवळ मिळतात का? वर्षभर मिळतात का? पावसाळ्यातही मिळतात का? हे आधी विचारा. चूल मग पाहा.

२. कांडी हातात घ्या. ती कडक असावी. मोडली तर कट्‌कन मोडावी. पिशवीच्या तळाशी फार भुसा साचला असेल, तर माल हलका समजावा. कांडीला पाणी लागले तर ती फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. म्हणून घरात कोरडी जागा हवी.

३. पंखा बिघडला तर दुरुस्त कोण करणार? बॅटरी कुठे मिळते, केवढ्याला मिळते? पंखा बंद पडला की या चुलीत धूरच धूर होतो.

४. आतले भांडे पाहा. आच तिथेच लागते. पातळ पत्रा लवकर जळतो. ते भांडे वेगळे बदलून मिळते का, ते विचारा.

५. घरचा तवा आणि पातेले बरोबर न्या. चूल पेटवून दाखवायला सांगा. भाकरी सगळीकडून सारखी भाजते का? पिठले घोटताना चूल हलते का? कित्येक चुलींत कांड्या एकदाच भरायच्या असतात. मध्येच भर घालता येत नाही. एका भरतीत तुमच्या घरच्या भाकरी होतात का, ते पाहा.

६. पावती आणि हमीचा कागद घ्या. सही करण्याआधी वाचा.

एक गोष्ट विसरू नका. धूर दिसला नाही तरी विषारी वायू असू शकतो. चूल कोणतीही असो, दार-खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत चूल पेटती ठेवून कधीही झोपू नका.

मग घ्यावी की नाही?

ज्याच्या गावाजवळ कांड्यांचा कारखाना आहे, भाव परवडतो आणि दुरुस्ती करणारा आहे, त्याने खुशाल घ्यावी. ज्याच्या बांधावर सुक्या काटक्या आहेत, कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत, त्याला बिनपंख्याची सुधारलेली चूल सोयीची. तिला विकतचे जळण नको, वीज नको. जळण वाळलेले घाला आणि बारीक तोडून घाला. धुराडे असेल तर ते वरचेवर साफ करा. आणि गॅस परवडेल तेव्हा गॅसच वापरा. त्याचा धूर सगळ्यांत कमी.

आमच्या बहिणीने काय केले? घरी जाऊन तिने तोच हिशेब नवऱ्याला दाखवला. ती म्हणाली, "अहो, ३,२०० रुपये चुलीत घालण्यापेक्षा महिन्याला थोडे थोडे टाकीसाठी बाजूला टाकू. आणि पऱ्हाट्यांसाठी साधी सुधारलेली चूल घेऊ." नवऱ्याने हिशेब दोनदा तपासला. चूक निघाली नाही. मग तो म्हणाला, "तू म्हणतेस तसंच करू."

आता तिच्या घरी भिंतीला टाकीच्या पैशांचा डबा टांगला आहे. त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'गॅस'.

सांगा पाहू

१. चूल घेण्याआधी कोणती चौकशी करावी?
२. कांड्या ९ रुपये किलो आहेत. भाडे १०० रुपये आहे. ७० किलोंना एकूण किती पैसे लागतील?
३. तुमच्या गावी टाकीची किंमत किती आहे? वरच्या उत्तराशी ताडून पाहा.
४. तुमच्या घरी जळणाला महिन्याला किती खर्च येतो? वहीत लिहून आणा. फुकटच्या लाकडासाठी किती तास मोडतात, तेही लिहा.