थ्री-नॉट-थ्री भिंतीवर टांगता येईल?

प्रश्न : परदेशातले हौशी लोक महायुद्धांतल्या दुर्मिळ रायफली जमवतात, त्यांचे व्हिडिओ मी आवडीने पाहतो. एकाच्या संग्रहात चक्क आपल्या ईशापूरची रायफल दिसली. अमेरिकेतल्या माणसाला जी घेता येते ती मला नवी मुंबईत का घेता येऊ नये? आणि रायफल शंभर वर्षांची झाली की ती पुराणवस्तूच ना? मग परवाना कशाला?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही घेता येणार. आणि अडचण रायफलीच्या वयाची नाही, काडतुसाची आहे.

आपला शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या नियमांना जोडलेल्या अनुसूचीत निषिद्ध शस्त्रांची यादी आहे. तीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली नाव घेऊन घातल्या आहेत; शिवाय ही लष्करी काडतुसं ज्या कुठल्या रायफलीत चालतील, तीही त्यात आली. फौजेच्या शस्त्रागारातून गोळ्या चोरीला गेल्याच, तर त्या झाडायला खासगी घरात बंदूक सापडू नये, असा हा हिशेब. तो इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी याच भीतीपोटी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आणली, तेव्हा वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी विलायतेतल्या बंदूकवाल्यांना .४७०सारखे नवे बोअर काढावे लागले.

ब्रिटनने १९५०च्या दशकात ली-एन्फिल्ड, म्हणजे .३०३ बोअरची आपली थ्री-नॉट-थ्री, बाजूला ठेवायला घेतली आणि ती जगभर भंगारभावात विकली गेली. आपल्याकडे ती तेव्हा निवृत्त झाली नाही. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. पुढे फौजेला एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) मिळाली आणि थ्री-नॉट-थ्री पोलिसांच्या खांद्यावर आली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकात दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर असताना पोलिसांकडे हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभाने निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताकदिनी. अमेरिकन माणसाच्या लेखी जी संग्रहातली वस्तू होती, ती इथे त्या दिवसापर्यंत ड्युटीवर होती. तुम्ही पाहिलेली ईशापूरची रायफलही अशीच, परदेशी व्यापाऱ्यांनी इथला जुना सरकारी साठा विकत घेतला तेव्हा तिकडे गेलेली असणार.

यातली गंमत पुढे आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल काढली. तिची यंत्रणा ली-एन्फिल्डचीच; काडतूस मात्र पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीची फौज वापरायची त्या घराण्यातलं. आपल्या फौजेच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत, म्हणून ती परवान्यावर मिळू शकते. नवी मुंबईकरांना त्यासाठी बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला फार तर दोन बंदुका ठेवता येतात, आणि दोन बंदुकांना कोणी संग्रह म्हणणार नाही. निषिद्ध बोअरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. तो नसताना तसं शस्त्र घरात सापडलं, तर शिक्षा सात ते चौदा वर्षं.

आता शंभर वर्षांचं. पुराणवस्तूंच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू पुराणवस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे खरं. पण त्याने शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही. त्यातल्या कलम ४५ची सवलत आहे ती जुनाट, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला, तेही दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही अशाच. १९१५ची ली-एन्फिल्ड चांगला कारागीर एका दुपारी चालती करील. तेव्हा गावच्या माळ्यावर असं काही निघालं, तर पुसून-बिसून पाहत बसू नका. आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. जिवंत काडतुसाबाबतही हेच.

मग हौस भागवायची कशी? जाणकार संग्राहक आधी रायफल वाचतो. कुंद्याच्या गळ्याशी जो लोखंडी पट्टा असतो, त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, कोरलेला असतो. स्वातंत्र्यानंतरच्या ईशापुरी रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढच्या लाकडाला चीर जाऊ नये म्हणून आडवा पिळलेला स्क्रू दिसला, की ती ईशापूरहून गेलेली समजा. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळला, तर किंमत चढते. एनसीसीत तुम्ही कवायत केली असेल, तर हातात बहुधा हिचीच ‘डीपी’, म्हणजे फक्त कवायतीची, बहीण होती. चेंबरला भोक पाडून निकामी केलेली.

जुनी शस्त्रं बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या संग्रहालयात डोळे भरून पाहता येतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याने, म्हणजे १८६९पासून चालू असलेल्या आपल्या पुण्याच्या शेजारच्या कारखान्याने, थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं बनवली; त्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा ठसा असे. सुट्टीत गाडी काढणार असाल तर पनवेलहून गोवा महामार्गाने माणगाव गाठा. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीच्याच नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांची तुकडी गारद झाली, तेव्हा ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. टॉमी गनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून दस्त्यानेच त्यांनी ठाण्यातल्या उरलेल्या दोघांना लोळवलं. मागाहून शत्रूच्या गोळीने ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि काहीतरी घरात हवंच असेल, तर कुंद्याच्या पोकळीत राहायची ती पितळी तेलाची डबी, नळी साफ करायची दोरी, पलटणीची पदकं, पगाराची पुस्तिका आणि फोटो जमवा. संगिनीपासून मात्र सावध राहा: नऊ इंचांवरची पाती शस्त्र नियमांत येतात आणि १९०७च्या नमुन्याच्या संगिनीचं पातं सतरा इंचांचं आहे. नेम धरायची हौस असेल, तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तिथे पॉइंट टू-टूपासून सुरुवात करा.