वळणाची वाट, उंच भरारी
एअर मार्शल डॉ. पद्मा बंदोपाध्याय यांच्या जीवनक्रमाचा बोध

'जालना सोने का पालना' ही म्हण या शहराच्या जुन्या व्यापारपेठेची साक्ष देते. आज जालन्याची ओळख बियाणे आणि लोखंडी सळई या दोन उत्पादनांमुळे दूरवर पोहोचली आहे. 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांनी अनेक कुटुंबांना रोजगार दिला. परंतु वसाहतीभोवतालच्या वस्त्यांत व खेड्यांत दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न अद्यापही उभा राहतो. मुलीस पुढे शिकवावे काय, आणि शिकवावे तर कोणत्या शाखेत?

पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या कलावरून ठरत नाही. जवळच्या महाविद्यालयात कोणती शाखा आहे आणि तेथपर्यंत एस.टी. जाते की नाही, यावरून ते ठरते. एकदा कला शाखा घेतली की वैद्यक, विमान, सैन्य ही दारे कायमची बंद झाली, असे घरात आणि कधीकधी शाळेतही गृहीत धरले जाते. या समजुतीचा फोलपणा दाखविणारे एक चरित्र आपल्या राज्यातील पुण्याशी निगडित आहे.

कला शाखेतून वैद्यकाकडे

पद्मावती यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1944 रोजी तिरुपती येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण दिल्लीत झाले. आई दीर्घकाळ अंथरुणास खिळलेली असल्याने लहान वयातच तिच्या शुश्रूषेचा भार त्यांच्यावर पडला. वैद्यकाची ओढ तेथेच निर्माण झाली. तथापि शाळेत त्यांनी घेतलेले विषय मानव्य शाखेचे होते. शालान्त शिक्षणानंतर त्यांनी शाखा बदलली आणि दिल्लीच्या किरोडीमल महाविद्यालयात वैद्यकपूर्व विज्ञान अभ्यासक्रम घेतला. असा बदल त्या काळी विरळाच होता. मागे पडलेले विज्ञान भरून काढून 1963 मध्ये त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला, आणि 1968 मध्ये त्या भारतीय हवाई दलात दाखल झाल्या.

विमानाचे वैद्यक

हवाई दलात त्यांनी विमानवैद्यक या विषयात विशेष प्रावीण्य मिळविले. हे शास्त्र आपल्याकडे फारसे परिचित नसल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे उचित ठरेल. समुद्रसपाटीपासून सुमारे 18,000 फूट उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. श्वासावाटे मिळणारा प्राणवायू अपुरा पडतो, विचारशक्ती मंदावते, आणि विशेष हे की संबंधित व्यक्तीस आपल्यात काही उणे आल्याची जाणीवही अनेकदा होत नाही. लढाऊ विमान वेगाने वळण घेते तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. मेंदूचा रक्तपुरवठा घटून वैमानिकाची शुद्ध हरपण्याचा धोका असतो. अशा अवस्थांत शरीर कसे वागते, कोणता वैमानिक उड्डाणास योग्य आणि कोणास विश्रांती हवी, हे ठरविणे विमानवैद्यकाचे काम होय. विमान चालविणाऱ्याचा जीव अशा रीतीने जमिनीवरील वैद्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो.

1971 च्या युद्धकाळात डॉ. पद्मा पंजाबातील हलवारा हवाई तळावर सेवेत होत्या. त्यांचे पती सतीनाथ बंदोपाध्याय हेही हवाई दलाचे अधिकारी होते. या कामगिरीबद्दल उभयतांना विशिष्ट सेवा पदक एकाच समारंभात प्रदान करण्यात आले. 1978 मध्ये डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. उत्तर ध्रुवीय प्रदेशात शास्त्रीय संशोधन करणारी पहिली भारतीय महिला म्हणूनही त्यांची नोंद आहे. 2002 मध्ये त्या हवाई दलातील पहिल्या महिला एअर व्हाइस मार्शल आणि पुढे पहिल्या महिला एअर मार्शल झाल्या. हवाई दलाच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालकपद त्यांनी सांभाळले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

अन्य वाटसरू

विमानक्षेत्रातील स्त्रियांची वाट आरंभापासून अशीच वळणाची राहिली आहे. प्रेम माथुर यांनी 1947 मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला, परंतु अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. अखेर त्यांना संधी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. जालना त्या काळी हैदराबाद संस्थानातच होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता ते सिल्चर हे इंडियन एअरलाइन्सचे उड्डाण झाले. त्यातील सर्व कर्मचारी महिला होत्या.

आजची दारे

या चरित्रांपासून बोध घ्यावयाचा तर आजचे मार्ग शिक्षकांना ठाऊक हवेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना 'नीट' परीक्षेच्या आधारे प्रवेश मिळू शकतो. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुली शिकत आहेत. तेथे हवाई दल व नौदलासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते, तर भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. या परीक्षेच्या तयारीकरिता राज्य शासनाने 1977 मध्ये औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठी अशी संस्था 2023 मध्ये नाशिक येथे सुरू झाली.

कला शाखेच्या पदवीधर मुलीसही हवाई दल परके नाही. प्रशासनासारख्या उड्डाणेतर शाखांत कोणत्याही विषयाच्या पदवीधरास, विहित गुण असल्यास, प्रवेशपरीक्षा देता येते. बारावीस एखादा विषय राहून गेला असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत तो स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येते.

गावाचे उत्तरदायित्व

मात्र ही सारी दारे मुलगी शिकत राहिली तरच तिच्यासाठी उघडी आहेत. अठरा वर्षांपूर्वी लग्न झाले की शाखा बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे आणि तो गावात अमलात आणण्याची जबाबदारी ग्रामपंचायत स्तरावरील अधिकाऱ्याकडे सोपविलेली आहे. सरपंच व सदस्यांचे पाठबळ असेल तरच तो अधिकारी वेळीच पाऊल उचलू शकतो. शिक्षकांनी दहावीच्या वर्गातील प्रत्येक मुलीचा पुढील प्रवेश झाला की नाही याची नोंद ठेवावी. प्रवेश न झालेल्या मुलींची यादी ग्रामसभेपुढे यावी. बस नसेल तर ग्रामपंचायतीने ठराव करून तो आगाराकडे पाठवावा. ही कामे लहान आहेत आणि त्यांना स्वतंत्र निधी लागत नाही.

पंधराव्या वर्षी डॉ. पद्मा यांच्या हाती जे विषय होते, त्यांवरून त्यांचे भविष्य वर्तविले असते तर ते चुकले असते. जालन्याच्या वस्त्यांतील मुलींचे भविष्य वर्तविण्याची घाई आपणही करू नये. त्यांना शिकण्यास आणखी काही वर्षे मिळवून द्यावीत. पुढील वळण कोणते घ्यावे, हे त्या स्वतः ठरवू शकतील.