विमानप्रवासाचे अंतर व वेळ : हिशेब कसा करावा

गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे नोकरीधंद्यानिमित्त वा शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये राहतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींचा तिकिटावरील वेळा पाहून गोंधळ उडतो. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता सुटणारे विमान लंडनला सायंकाळी ६ वाजता पोहोचते. यावरून प्रवास चार तासांचा असा समज होतो. प्रत्यक्षात तो साडेनऊ तासांचा असतो.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून दूरचे अंतर मोजू नये. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग अशा नकाशावर बहुधा वाकलेला दिसतो. मुंबई-लंडन मार्ग उत्तरेकडे कमानीसारखा झुकतो. यासाठी शाळेतील पृथ्वीगोल व दोरा पुरेसा आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर असतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर दाखवितो. मुंबई व लंडन यांवर ताणून धरलेला दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. म्हणून अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर होय.

आता वेळ. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरल्यास ८ तास येतात. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे व मार्गातील वळणे यांस अधिक वेळ लागतो. शिवाय उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना विमानास विरोध व येताना साहाय्य होते. सन २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद ठेवल्याने भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला होता.

तिसरी बाब घड्याळाची. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. भारताचे घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो. दुपारच्या २ मध्ये साडेनऊ तास मिळविल्यास भारतात रात्रीचे ११.३० होतात; त्यातून साडेपाच तास वजा केल्यास लंडनचे ६ येतात. परतीच्या वेळी हा फरक मिळवावा. लंडनहून रात्री ९ वाजता सुटलेले विमान नऊ तासांनी, म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता उतरेल.

तारखेबाबत विशेष दक्षता हवी. १५ तारखेच्या ००.३० वाजताचे विमान म्हणजे १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने सुटणारे विमान. त्यासाठी १४ च्या रात्रीच विमानतळावर पोहोचावे लागते. १५ च्या रात्री गेलेल्यास विमान मिळत नाही आणि तिकिटाचे पैसेही बुडण्याचा संभव असतो.

मधुमेहासारख्या विकारावर वेळेवर औषध घेणाऱ्यांनी केवळ मनगटी घड्याळावर विसंबू नये. लंडनच्या घड्याळाप्रमाणे चारच तास गेलेले दिसले, तरी शरीराचे साडेनऊ तास झालेले असतात. औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

शिक्षकांनी दोरा व पृथ्वीगोल घेऊन हा पाठ वर्गात करून दाखवावा. भूगोल व अंकगणित शिकता शिकता विद्यार्थी घरातील आजीआजोबांचे तिकीटही बिनचूक वाचू लागतील.