उपचार संपले, धास्ती संपत नाही

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होऊन वर्ष झालं. घरचे म्हणतात, आता बरी झालीस. पण पाठ दुखली तरी झोप उडते. हातही जड वाटतो.

उत्तर : ताई, आजार परत येईल ही भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. उपचारांच्या धावपळीत मन तग धरतं, नंतर सगळं वर येतं. घरच्यांना हे स्पष्ट सांगा. पाठदुखी दोन-तीन आठवडे टिकली किंवा वाढली, तर डॉक्टरांना दाखवा.

हाताचं मात्र लांबणीवर टाकू नका. काखेतल्या गाठी काढल्यावर हातात द्रव साचून सूज येऊ शकते, कधी अनेक वर्षांनीही. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. गरज असल्यास दाब देणारी घट्ट बाही मिळते. लवकर सुरुवात केली की सूज आटोक्यात राहते. हात लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, तर ती ५ वर्षं, काहींना १० वर्षं घ्यावी लागते. आपल्या मनाने बंद करू नका.