मुंबईची दोन मुले आणि बॅले

बॅले हा युरोपातला शास्त्रीय नृत्यप्रकार. त्याचा उगम इटलीच्या राजदरबारात झाला, पण तो शिस्तीत बसवला फ्रान्सने. राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. त्याने 1661 मध्ये नृत्याची अकादमी काढली. म्हणून आजही जगात कुठेही बॅले शिका, शब्द फ्रेंचच. गुडघे वाकवले की 'प्लिए', एका पायावर गिरकी घेतली की 'पिरुएत'.

चौथीच्या वर्गात मी याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, झिलगे असो नाच करतत?" मी विचारले, जत्रेत दशावतार बघतोस ना? त्यात लुगडे नेसून नाचणारी राणी कोण असते? वर्ग हसला. पण प्रश्न खरा आहे. मुलगा नाचतो म्हटले की आपल्याकडे चिडवणारे जास्त, शिकवणारे कमी.

मुंबईच्या अमिरुद्दीन शाहचे वडील वेल्डिंगचे काम करायचे. मनीष चौहानचे वडील टॅक्सी चालवायचे. दोघेही आधी कोलांट्या उड्या आणि रस्त्यावरचा नाच करणारे. मुंबईतल्या एका नृत्यसंस्थेत त्यांना येहुदा माओर हे इस्रायली गुरू भेटले. वयाने म्हातारे, स्वभावाने कडक. या मुलांच्या अंगातली ताकद त्यांनी ओळखली आणि रोज तासन् तास सराव करून घेतला. 2017 मध्ये अमिरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. पण फी वेल्डरच्या कमाईत बसणारी नव्हती. देणग्या गोळा कराव्या लागल्या. सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा 2020 चा चित्रपट या दोघांवरूनच सुचला. त्यात मनीषने स्वतःच काम केले आहे.

आता सराव म्हणजे काय ते बघू. बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर वळवावा लागतो. नुसता पंजा वळवला तर गुडघा दुखावतो. हे वळण लहान वयात सहज येते, हाडे-सांधे पक्के झाल्यावर फार कष्टाने येते. मुली टोकदार बुटांवर उभ्या राहतात. त्या बुटात लोखंड असते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पुढचे टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेले असते.

गिरकीत चक्कर का येत नाही? नर्तक समोर एका बिंदूवर नजर ठेवतो. अंग आधी फिरते, डोके शेवटी, आणि झटक्यात पुन्हा त्याच बिंदूवर येते. वर्गात फळ्यावर खडूने ठिपका काढून करून बघा, बाके मात्र आधी बाजूला सारा. फुगडी घालणाऱ्या मुलींना हे लवकर जमते असा माझा अनुभव.

मनीषने बॅले उशिरा सुरू केला. परदेशी मुले आठ-नऊ वर्षांपासून शिकतात आणि पस्तिशी-चाळिशीच्या आसपास बहुतेकांची रंगमंचावरची कारकीर्द संपते. म्हणजे त्याचा बराच वेळ आधीच गेलेला. पुढे तो आधुनिक नृत्याकडे वळला आणि न्यूयॉर्कला पेरिडान्स या संस्थेत नाचू लागला. त्याच्यावर 'कॉल मी डान्सर' नावाचा माहितीपटही निघाला आहे.