महाग स्ट्रीमर, स्वस्त स्ट्रीमर आणि आपले कान

घरी संगीत ऐकण्याची साधने गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ बदलली. ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट, सीडी आणि आता स्ट्रीमर. इंटरनेटवरून गाणे घेऊन ते अ‍ॅम्प्लिफायरकडे पोचविणारी पेटी म्हणजे स्ट्रीमर. ही पेटी काही हजार रुपयांत मिळते, तशी काही लाखांतही मिळते. महाग पेटीचा आवाज खरोखरच अधिक चांगला असतो काय? शिरूर अनंतपाळच्या परिसरात अनेक घरांचा वर्षाचा हिशेब सोयाबीनच्या एका हंगामावर बसतो. तेथे हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

प्रथम या पेटीचे कार्य पाहू. सीडीच्या प्रतीच्या गाण्यात डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूसाठी दर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे असतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. म्हणजे स्ट्रीमरकडे येतात ते आकडे. ते तुकड्यातुकड्यांनी येतात. एखादा तुकडा बिघडला किंवा हरवला, तर तो पुन्हा मागविला जातो. सातबारा महागड्या पेनाने उतरविला म्हणून जमीन वाढत नाही. उतारा बिनचूक असला म्हणजे झाले. आकड्यांचेही तसेच आहे.

मग फरक कोठे पडू शकतो? आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणाऱ्या भागात, ज्याला डॅक म्हणतात. हा भाग सदोष असेल तर खरखर किंवा घरघर ऐकू येते. परंतु चांगला डॅक आता स्वस्त झाला आहे. ब्लूटूथने गाणे पाठविल्यास मात्र ते बहुधा पुन्हा दाबले जाऊन त्यातील काही अंश गळतो.

अधिक सूक्ष्म मोजमापांच्या ध्वनिमुद्रणाचीही मोठी जाहिरात होते. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे ध्वनिमुद्रण आणि सीडीची प्रत यांतील फरक श्रोत्यांना ओळखावयाचा होता. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. २०१६ साली रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे एकत्रित गणित मांडले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक असलाच तर तो इतका निसटता आहे.

ही परीक्षा आपणही घेऊ शकतो. दोन्ही पेट्यांचा आवाज मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक गोड वाटतो. पेट्या पडद्याआड ठेवाव्यात आणि कोणती चालू आहे ते मित्राने नाणेफेकीने ठरवावे. १६ पैकी १२ वेळा ओळखता आले, तरच फरकाचा विचार करावा. केवळ अंदाजाने इतके यश शंभरात सुमारे चार वेळाच मिळते.

मिरजेचा तंबोरा निवडताना भोपळा आणि लाकूड पारखावे लागते, कारण तंबोरा स्वतः नाद निर्माण करतो. स्ट्रीमर नाद निर्माण करीत नाही. तो निरोप्या आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या जुन्या तबकड्यांतील खरखर लाखाच्या पेटीने पुसली जात नाही, आणि त्या गाण्यातील आर्तता स्वस्त पेटीने उणावत नाही.

तात्पर्य, अधिक पैसे द्यावयाचे ते सोयीसाठी, टिकाऊपणासाठी किंवा देखणेपणासाठी द्यावेत. आवाज सुधारावयाचा असेल तर तोच पैसा चांगल्या स्पीकरवर खर्च करावा आणि उघड्या भिंतींच्या खोलीत जाड पडदे व सतरंजी घालावी. तेथे पडणारा फरक ओळखण्यास कोणत्याही परीक्षेची गरज लागत नाही.